‘लस घेऊनही फ्लू होतोच ना?’

पावसाळा तोंडावर आला की माझ्याकडे येणाऱ्या आया हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांच्यापैकी एकीची हकिकत, ओळख बदलून, येथे सांगते. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला, शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, तेव्हा ती पुण्यातच महाविद्यालयात शिकत होती. आता मुलाला नुसती शिंक आली तरी ती दिवसभर त्याचा ताप मोजत बसे. लस मात्र तिने कधीच घेतली नव्हती.

“मॅडम, दरवर्षी टोचून घ्यायची आणि तरीही खात्री नाही, मग उपयोग काय?”

विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिने सतत थोडीथोडी बदलतात, म्हणून लसही दरवर्षी नव्याने घ्यावी लागते आणि ती घेऊनही फ्लू झालाच, तर तो सहसा सौम्य राहतो, हे मी तिला समजावले. तिला ते पटले, पण भीती तसूभरही हलली नाही. भावनांचे मूळ घटनांपेक्षा आपल्या विचारांत शोधणाऱ्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवरचा माझा विश्वास अशा वेळी दृढ होतो, कारण अशी भीती बहुधा अज्ञानातून येत नाही. पूर्ण हमी मिळालीच पाहिजे, या हट्टातून ती येते.

“हमी मिळाली नाही, तर काय कराल?”

ती बराच वेळ गप्प राहिली. “आज करते तेच. ताप मोजत राहीन.” मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पण ताप मोजून फ्लू थोडाच थांबतो!”

हमी मिळत नाही म्हणून हाती असलेला उपायही आपण दूर सारत होतो, हे तिने स्वतः ओळखले. मी सांगितले असते तर तो केवळ उपदेश ठरला असता. नेमका प्रश्न विचारून थांबता आले, याचे मला आजही समाधान वाटते. मग मी विचारले, “घरात आणखी कोण आहे?” सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या सासूबाई होत्या, आणि सर्वाधिक धोका त्यांनाच होता. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच संसर्ग पसरू शकत असल्याने घरातील एकालाच जपून भागत नाही.

सर्वांनी लस घेतली. संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे आपल्याकडे ती पावसाळ्यापूर्वी घेणे उत्तम. गरोदर स्त्रिया, वृद्ध, लहान मुले आणि दम्याचे किंवा मधुमेहाचे रुग्ण यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती अवश्य घ्यावी. ताप आल्यास मुलाला घरीच ठेवावे आणि औषधाविना ताप उतरून चोवीस तास उलटल्यावरच शाळेत पाठवावे. धाप लागली, मूल गुंगीत राहू लागले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. फ्लूवरील औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक परिणामकारक ठरते; अँटिबायोटिक मात्र विषाणूवर चालत नाही, ते मनाने देऊ नये.