मुलाचं गणित कच्चं, म्हणून नोकरी सोडू?

"मावशी, मी भांडुपला राहते, नोकरी अंधेरीला. घरी यायला पावणेनऊ होतात. मी मराठी माध्यमातून बारावी, मुलगा इंग्रजी माध्यमात सातवीत. सहामाहीला गणितात नापास झाला. शेजारच्या वहिनी मुलीला रोज घेऊन बसतात, तिला नव्वदच्या वर मार्क. मिस्टर दुसऱ्या पाळीला असतात. आल्या आल्या 'अभ्यास झाला का?' विचारलं की मुलगा 'हो' म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालतो. मीच कमी पडते. नोकरी सोडू का?"

ताई, सोडू नका. निदान या कारणासाठी तरी नको. घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलच्या गर्दीत शिरताना हा अपराधीपणा सोबत घेऊन फिरताय, ते वाचून फार वाईट वाटलं.

नॅन्सी हिल आणि डायना टायसन या अमेरिकन संशोधकांनी २००९ साली याच वयाच्या मुलांवरचे ५० अभ्यास एकत्र तपासले. पालक गृहपाठाला बसल्याने मार्क वाढलेले दिसले नाहीत. (कच्च्या मुलालाच जास्त मदत मिळते, हेही त्यामागे असेल.) ज्या घरांत शिक्षणाबद्दल, पुढे काय व्हायचं याबद्दल बोलणं व्हायचं, तिथली मुलं मात्र पुढे होती. त्यासाठी तुम्हाला इंग्रजी यायला हवं असं कुठे आहे?

आणि गणित तुम्हाला येतं हो! त्याचा एलसीएम म्हणजे तुमचा लसावि, फ्रॅक्शन म्हणजे अपूर्णांक. पोळ्या लाटताना त्याला ओट्याशी बोलवा. "आज वर्गात काय शिकवलं ते मला मराठीत सांग," म्हणा. सांगता सांगता तो जिथे अडेल, तिथेच त्याचं घोडं अडलंय. पंधरा मिनिटं पुरतील. तेवढा वेळ मोबाईल दोघांचेही बाजूला.

मिस्टरांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत. दुसरी पाळी म्हणजे सकाळी ते घरी असतात. मग शाळेत त्यांनी जावं. पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, आकलन, प्रगती सांगायची, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. सहामाहीची उत्तरपत्रिका मागून घ्या आणि नेमके कुठे मार्क गेले ते बाईंना विचारा. पाचवीचे अपूर्णांकच कच्चे राहिले असतील, तर सातवीची शिकवणी लावून पैसे वाया जातील.

वहिनींच्या मुलीचे मार्क घरात काढू नका. रविवारी त्याच्याशेजारी बसून लसावि तुमच्या पद्धतीने, उभी रेघ मारून, एकदा काढून दाखवा. मग पेन्सिल त्याच्या हातात द्या.