लाईनच्या गाडीवर जायचंय? मग आधी उतार शिका

तुमचा प्रश्न असा: सिन्नर एमआयडीसीत पिकअप चालवता, आता मोठ्या गाडीवर लांबच्या भाड्याला जायचंय, तर लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला गाडी चालवण्यापलीकडे काय काय यावं लागतं?

पिकअपवर हात बसलाय म्हणजे रिव्हर्स, बाजारातली गर्दी, रात्रीचे समोरचे लाईट हे तुम्हाला येतंच. सपाट रस्त्यावर दहा टायरची गाडी ओढायला थोड्या दिवसांत येईल. मी नाशिकहून इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली ही लाईन करतो. जाताना बहुतेक कांदा, येताना मिळेल तो माल. माझं मत विचाराल तर ड्रायव्हर दोन ठिकाणी कळतो, गाडी भरताना आणि गाडी उतारावर असताना.

आधी उताराचं. तुमची पिकअप मालासकट तीन टनांच्या आसपास भरते. दहा टायरच्या गाडीला मालासकट २८.५ टनांची परवानगी आहे (२०१८ पर्यंत २५ होती). एवढं वजन चढावर त्रास देतं, पण जीवावर उठतं ते उतारावर. आपल्या लाईनवर येताना दोन उतार डोक्यात पक्के ठेवायचे. इंदूर सोडल्यावर मानपूरकडून धामनोदकडे उतरणारा गणेश घाट, आणि सेंधव्याहून महाराष्ट्रात पळासनेरला उतरणारा बिजासन. जुलै २०२३ मध्ये पळासनेरलाच ब्रेक गेलेला ट्रक गाड्यांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला होता, किमान दहा माणसं गेली. बातमीत 'ब्रेक फेल' एवढंच येतं. पण ब्रेक सहसा एका क्षणात जात नाहीत, चार-पाच किलोमीटर आधीपासून जात असतात आणि ड्रायव्हरला ते कळायला हवं.

होतं असं. माणूस ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरतो. लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) ड्रमवर घासत राहतात, ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटत जाते. आधी वास येतो, मग पेडल जास्त दाबावं लागतं, मग दाबूनही गाडी आवरत नाही. दुसरीकडे, मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात, प्रत्येक वेळी ब्रेक मारला की टाकीतली हवा खर्च होते. घाबरून सारखं पेडल मारत बसलात तर कॉम्प्रेसरला ती भरून काढता येत नाही. मीटरचा काटा खाली येतो, बझर वाजतो, आणि हवा फारच उतरली तर मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले जातात. कागदावर ही सोय चांगली आहे. पावसात, वळणावर, भरल्या गाडीची मागची चाकं अशी आवळली गेली तर काय होईल याचा विचार तुम्हीच करा.

म्हणून गियर उतार सुरू व्हायच्या आधी पाडायचा. ज्या गियरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गियरमध्ये उतरायचा, एखादा कमीच बरा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा) लावून ठेवायचा आणि गाडी इंजिनाला धरू द्यायची. पायाचा ब्रेक ठाम दाबून स्पीड खाली आणायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे ड्रमला हवा लागते. अर्ध्या घाटात खालचा गियर पाडायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते. मग देवाचं नाव घ्यायलाही वेळ मिळत नाही. मागून हॉर्न मारणारे मारू देत. घाट उतरल्यावर ड्रम लाल झाले असतील तर त्यावर पाणी ओतू नका, तडकतात. बाजूला उभं राहून निवू द्यायचे.

'न्यूट्रलला उतरव, डिझेल वाचतं' असं सांगणारे जुने उस्ताद आजही भेटतील, आणि काही मालकही. जुन्या इंजिनांच्या काळातली ती समजूत आहे. आताच्या गाड्यांत गियरमध्ये उतरताना एक्सलेटरवरून पाय काढला की इंजिनाला डिझेल जाणंच बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं का होईना डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेलही जातं आणि ताबाही जातो. इंजिन बंद करून उतरवणारे तर वेगळेच. त्यांचं पॉवर स्टेअरिंगही गेलं आणि कॉम्प्रेसरही.

आता भरणं. बरेच ड्रायव्हर गाडी लावून चहाला जातात आणि हमालांनी भरलं तसं घेऊन निघतात. ते करू नका. वजन मागे जास्त गेलं तर पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. एका बाजूला गेलं तर पहिल्याच वळणावर गाडी झुकते. अंबड-सातपूरहून मशीन किंवा लोखंड असेल तर ते खाली, मधोमध, पुढे-मागे ठोकळे ठोकून. कांदा वेगळा. तो उंच भरला जातो, म्हणजे गाडीचा तोल वर जातो आणि वळणाचा स्पीड कमी करावा लागतो.

शिवाय कांदा म्हणजे जिवंत माल. गोण्या एकमेकींवर दाबल्या की आतून ऊब धरतात. कोरड्या हवेत ताडपत्री चारही बाजूंनी कसून बांधली तर दिल्लीला पोचेपर्यंत मधल्या गोण्यांना पाणी सुटतं. पुढून आणि मागून वारा खेळेल एवढी फट ठेवायची. पावसात झाकायचा, पाऊस थांबला की मोकळा करायचा. हिवाळ्यातला लाल कांदा ओलसर असतो, तो थांबून चालत नाही. उन्हाळ कांदा दोन दिवस जास्त सोसतो. पिंपळगाव किंवा लासलगावला गाडी भरताना गोणी हाताने दाबून, वास घेऊन बघायची. खराब माल बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) चांगला म्हणून चढला की दिल्लीच्या आझादपूर बाजारात व्यापारी त्याची घट तुमच्या भाड्यातून कापायला बघतो.

दोरी बांधायलाही शिकावं लागतं. ओढू तशी घट्ट होणारी आणि सोडताना एका झटक्यात सुटणारी गाठ उस्तादाकडूनच शिका, लिहून कळत नाही. आणि कितीही आवळून बांधली तरी पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये माल बसतो आणि दोरी सैल पडते. पिंपळगावहून निघालं की मी चांदवडच्या अलीकडे थांबून पुन्हा ओढतो, कारण पुढे लगेच राहूड घाट आहे.

भरून झाली की काटा करायचा, म्हणजे वजनकाट्यावर गाडी तोलायची, मालक 'राहू दे' म्हणाला तरी. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहेत आणि जादा माल तिथल्या तिथे उतरवायला लावतात. चौकशीला गाडीजवळ उभे तुम्ही असता, मालक नाही.

सकाळी निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी, हातात टॉमी (लोखंडी दांडा). प्रत्येक टायरवर एक ठोका द्यायचा. हवा भरलेला टायर टणक वाजतो, टॉमी उसळून परत येते. बसलेला टायर थप्प करतो. मागे जोडटायर असतात, त्यातला आतला बसला तरी बाहेरून दिसत नाही, सगळं वजन बाहेरचा एकटा घेतो आणि तो तापून फुटतो. दोन टायरच्या मध्ये दगड अडकलाय का तेही वाका आणि बघा. चाकाच्या नटांभोवती गंजाचा ताजा ओघळ दिसला तर तो नट ढिला झालाय. एअर टाकीखालची कडी ओढून पाणी निघतंय का बघा. निघत असेल तर एअर ड्रायरचं (हवेतलं पाणी काढणाऱ्या भागाचं) काम आलंय, मिस्त्रीला सांगा.

तुम्ही सिन्नरचे, तेव्हा समृद्धीवर गोंद्याहून चढालच. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता इगतपुरीच्या पुढच्या टप्प्यासह जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. रस्ता झकास आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. टायर फुटतात ते जास्त हवेने, असं सगळे म्हणतात. खरं तर कमी हवेच्या टायरची कड सतत दुमडते, तीच आतून तापते. उन्हाळ्यात भर दुपारी काँक्रीटवर हे फार लवकर होतं. दुसरं म्हणजे सरळ रस्त्यावर डोळे उघडे ठेवून झोप लागते.

झोपेबद्दल थोडं कडकच बोलतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती (२०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवी कामगार संहिता आली). लाईनवर ती कोण पाळतं हे तुम्ही बघालच. पूर्वी सोबत क्लीनर असायचा, तो बोलत तरी राहायचा. आता बहुतेक गाड्या एकट्या ड्रायव्हरवर निघतात. पहाटे तीन ते पाच ही वेळ वाईट. चहा, गुटखा, गाणी यांनी झोप जात नाही, फक्त पुढे ढकलली जाते. गोळ्या खाऊन चालवणाऱ्याच्या गाडीत तर बसूही नका. मागचा टोल कधी गेला ते आठवत नसेल, तर पुढच्या पंपावर गाडी लावून वीस मिनिटं आडवं व्हा. पंपावरच, हायवेच्या कडेला नाही. कडेला उभ्या ट्रकमध्ये मागून गाडी घुसणं हा रोजचा अपघात आहे. डिझेलची टाकी भिंतीकडे किंवा शेजारच्या गाडीला खेटून लावा, नाहीतर रात्रीत डिझेल चोरीला जाऊन सकाळी काटा खाली आलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढे धुकं धरतं, तेव्हा रात्र थांबूनच काढलेली बरी.

कागदपत्रं थोडक्यात: आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, बिल्टी. ताज्या कांद्याला ई-वे बिल (माल नेण्यासाठीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) लागत नाही. येताना मशीनचा किंवा कंपनीचा माल पन्नास हजारांच्या वरचा असेल तर लागतं, आणि २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने त्याची मुदत असते. गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ट्रान्सपोर्टवाल्याकडून वाढवून घ्या. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर बिलावर गाडी नंबर बदललाय का ते बघितल्याशिवाय हलू नका.

लायसन्ससाठी वय २० पूर्ण आणि हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्षाचं हवं. ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म पाच (शिकल्याचा दाखला) आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. पाच वर्षांनी नूतनीकरण. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाच्या टँकरवर जायचं मनात असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण वेगळं करावं लागतं.

पैशाचं गाडीवर चढण्याआधी बोला. कुणी पगार अधिक भत्ता देतो, कुणी ट्रिपवर ठरवतो, कुणी ॲव्हरेज बांधून देतो आणि वाचलेलं डिझेल तुमचं म्हणतो. हा तिसरा प्रकार ऐकायला गोड, पण भरल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज वेगळं धरलंय का ते विचारा. दिल्लीत दिवसा नो एन्ट्री, बाजारात खाली व्हायला नंबर, म्हणजे दीड दिवस उभं राहणं आलंच. त्या दिवसाचा भत्ता कोण देणार? घट, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), टोल नाक्यावरची भांडणं, चलान हे कोणाच्या खात्यावर? चलान मालकाच्या नावाने येतं आणि महिन्याने तुमच्या पगारातून कापलं जातं, हे मी बऱ्याच पोरांच्या बाबतीत बघितलंय.

लगेच एकट्याने गाडी घेऊ नका. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर सकाळी गेलात तर जोडीला माणूस हवा असलेले ड्रायव्हर भेटतात. पहिल्यांदा इंदूरची फेरी सेकंड ड्रायव्हर म्हणून करा, दिल्लीची नको. भरताना हजर राहा, दोरी तुम्ही ओढा, जाताना सेंधव्यापर्यंत तुम्ही चालवा. येताना बिजासन उस्तादाला उतरवू द्या आणि त्याचा पाय ब्रेकवर किती वेळ असतो ते बघत बसा. सारखाच असेल, तर पुढच्या फेरीला दुसरा उस्ताद शोधा.