वाहन कंपनीचा गावाला फायदा किती? गेटवरून ते कळत नाही

तुम्ही विचारलंय की एवढी मोठी वाहन कंपनी आली तरी कायम नोकरी मोजक्यांनाच मिळते, मग आसपासच्या लोकांना नेमका काय फायदा? मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या (आधीचं औरंगाबाद) वाळूज औद्योगिक वसाहतीबद्दल सांगतो. आयटीआय झाल्यापासूनची माझी सगळी वर्षं तिथेच गेली आहेत आणि आज माझं पत्र्याचे भाग करणारं छोटं प्रेस शॉप आहे.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. गाडी तिथे जोडली जाते, पण तिचे बरेचसे भाग बाहेरून येतात. माझ्याकडे होणारा एक ब्रॅकेट घ्या, तळहातावर मावेल एवढा. पत्रा येतो, प्रेसवर कापला जातो, भोकं पडतात, मग वाकवतात. कडेची बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली धारदार कड, काढायला आणि तपासायला आमच्याकडे चार बायका आहेत. तिथून माल प्लेटिंगवाल्याच्या शेडमध्ये, मग कंपनीला भाग पुरवणाऱ्या मोठ्या वेंडरकडे जुळणीला आणि शेवटी गाडीवर. उरलेला पत्रा भंगारवाला नेतो. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बिघडली की ती दुरुस्त करणाऱ्या टूलरूमवाल्याला काम, माल हलवायचा की टेम्पोवाल्याला. एका ब्रॅकेटवर इतक्या घरांची चूल पेटते. कंपनीच्या हजेरीपटावर यातलं एकही नाव नाही, म्हणून गेटवरची माणसं मोजलीत तर हिशेब चुकणारच.

दुसरा फायदा कसबाचा. गाड्यांचे भाग करणारी एन्ड्युरन्स १९८५ सालीच इथे ॲल्युमिनियमच्या कास्टिंगपासून सुरू झाली, पुढे तशीच व्हॅरॉक आली. आज दोन्ही कंपन्या परदेशातही माल देतात. त्यांच्याकडे काम शिकलेल्या किती टर्नर-फिटरांनी नंतर स्वतःची मशिनं टाकली! डाय बसवताना कानाने आवाज ओळखायला माझ्या उस्तादांनी मला शिकवलं, मी ते तीन पोरांना शिकवलंय. त्यातल्या एकाचे वडील बदनापूरकडे कोरडवाहू शेती करतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी याच पोराच्या पगारातून बी-बियाणं येतं.

२०१० मध्ये शहरातल्या लोकांनी मिळून सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, ती बातमी देशभर गाजली. पण पैसा कुठपर्यंत झिरपला हे बघायचं असेल तर दहा तारखेच्या आसपास संध्याकाळी वाळूजच्या बजाजनगर किंवा रांजणगाव या कामगार वस्त्यांत या. किराणावाल्याची उधारीची वही बाहेर येते, मेसवाल्या ताई डब्यांचे पैसे घेतात, खोलीमालक भाडं. इथल्या बऱ्याच शेतकऱ्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या. काहींनी मोबदल्याच्या पैशात खोल्या बांधल्या, त्यांचं निभावलं. ज्यांचा पैसा लग्नात आणि गाड्यांत गेला, त्यांची मुलं आज त्याच जमिनीवर कंत्राटी म्हणून उभी आहेत. हे बघून मला फार वाईट वाटतं.

आता तोट्याचं. आम्ही सगळे शेड्युलवर जगतो. महिन्याला किती नग लागतील त्याचा कागद वरून येतो, त्याला शेड्युल म्हणतात. २०१९ च्या मंदीत ते इतकं खाली आलं की मला एक शिफ्ट बंद करावी लागली. पर्मनंट कामगाराला ब्लॉक क्लोजरमध्येही, म्हणजे मागणी नसताना कारखाना काही दिवस बंद ठेवतात तेव्हाही, काही ना काही मिळतं, कंत्राटी मुलगा मात्र बॅग भरून गावी जातो. शिवाय लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून असूनही एका मोठ्या वेंडरने माझं बिल पाच महिने अडकवलं होतं. तक्रार केली तर पुढचं काम जातं, म्हणून गप्प बसलो. त्या दिवाळीत कामगारांना बोनस द्यायला बायकोचे दागिने गहाण ठेवले. फायदा वरून खाली येताना आटत येतो, झळ मात्र पूर्ण येते. वाहन उद्योगाचं कौतुक करताना हे सांगितलंच पाहिजे.

शहराजवळच्या बिडकीनला आता इलेक्ट्रिक गाड्यांचे मोठे प्रकल्प जाहीर झालेत आणि जो तो रोजगाराचे आकडे सांगतोय. विजेच्या गाडीत पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, बहुतेक गाड्यांत क्लचही नाही. ब्रेक, सस्पेन्शन, चेसिस राहणार. माझ्या अकरा डायपैकी चार क्लच आणि सायलेन्सरच्या भागांच्या आहेत. ब्रेकच्या एका भागासाठी नवी डाय करायला टाकली आहे, सॅम्पल पास झालं तर ती चार बायकांची शिफ्ट टिकेल.