चाहता म्हणून गायकाची वेबसाईट चालवतो, एक पैसाही कमवत नाही. तरी कॉपीराइटचा त्रास होऊ शकतो का?

होऊ शकतो. तुम्ही म्हापशाहून पं. जितेंद्र अभिषेकींवर वेबसाईट चालवता, तिच्यावर पदांचे शब्द, जुन्या तबकड्यांतली गाणी, कात्रणं आणि फोटो आहेत, जाहिरात एकही नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी वकील नव्हे. फोंड्यात डीटीपी करतो, देवळांच्या आणि नाट्यमंडळांच्या स्मरणिका लावतो, त्यामुळे ‘हा फोटो कुणाचा, हा लेख कुणाचा’ ही कटकट बारमाही माझ्या टेबलावर असते.

आधी पैशांचं बोलू, कारण ‘आम्ही कुठे कमवतोय’ म्हटलं की विषय मिटला असं बहुतेकांना वाटतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हौशी माणसाला अशी सरसकट सूट नाही. कलम 63 प्रमाणे जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे तुमची निरपेक्ष भक्ती कामाला येते ती शिक्षा ठरवताना, उल्लंघन झालं की नाही हे ठरवताना नाही. तळाशी ‘सौजन्य: इंटरनेट’ लिहिण्याचाही काही उपयोग नाही. इंटरनेट नावाच्या गृहस्थाने आजवर एकही फोटो काढलेला नाही.

तुमच्या बाबतीत खरी गोची गाण्यांची आहे. एका नाट्यपदाला तीन मालक असू शकतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तिघांच्या मुदती वेगळ्या. कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीनंतर 60 वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क तबकडी निघाली त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं, आणि तो बहुधा कंपनीकडे. आता हिशोब करा. 1964 साली निघालेल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाची मुदत 2024 च्या अखेरीस संपली. पण चाल अभिषेकीबुवांची असेल तर ते 1998 साली गेले, म्हणजे चालीवरचा हक्क 2058 च्या अखेरपर्यंत जिवंत. कवीचं गणित आणखी तिसरंच. एक कुलूप उघडलं म्हणून घर उघडलं असं होत नाही.

हेच दीनानाथ मंगेशकरांचं पाहा. ते 1942 साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरचा हक्क केव्हाच संपला, त्यांनी स्वतः बांधलेल्या चाली 2002 च्या अखेरीस मोकळ्या झाल्या. तरी पदाचे शब्द कुणाचे आणि तो कवी कधी वारला, हे बघावंच लागतं.

तीस सेकंद चालतात, चार ओळी चालतात, हे कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं आहे. कायद्यात असा आकडा नाही. समीक्षेसाठी रास्त वापर करता येतो, तेव्हा अख्खं पद डकवण्यापेक्षा दोन ओळी घ्या, कवीचं नाव द्या आणि बुवांनी तिथे जागा कशी घेतली यावर तुम्ही स्वतः लिहा. त्या लिखाणाचे मालक तुम्ही. गाणं ऐकवायचंच असेल तर कंपनीच्या अधिकृत चॅनलची लिंक द्या.

फोटो हातात असेल तर उलटा करून पाहा. जुन्या फोटोंच्या पाठीवर पुष्कळदा स्टुडिओचा जांभळा शिक्का असतो, तिथून शोध सुरू होतो. घरच्यांनी पैसे देऊन काढून घेतलेला असेल तर, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक घरचा. वर्तमानपत्राच्या नोकरीतल्या छायाचित्रकाराने काढलेला असेल तर बहुधा वर्तमानपत्राशी बोलावं लागेल. फोटोतल्या माणसाचा मात्र त्यावर कॉपीराइट नसतो, हे ऐकून आमच्याकडे येणारे निम्मे लोक वाद घालतात.

कात्रणांचं तसं सोपं. लेखावर लेखकाचं नाव असेल तर त्याच्या हयातीनंतर 60 वर्षं थांबा. नाव नसेल आणि लेखक कोण हे पुढेही उघड झालं नसेल, तर छापून आल्यापासून 60. म्हणजे 1962 सालच्या अंकातली अशी बिननावाची बातमी तुम्ही खुशाल स्कॅन करून लावा.

परवानगी तोंडी नको, कायदा लेखी मागतो. मालक वारलेला असेल आणि त्याच्या एका मुलाने फोनवर ‘घाला हो, आमची काही हरकत नाही’ म्हटलं, इतक्यावर जाऊ नका. गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे आणि कॉपीराइटही इस्टेटच आहे. तेव्हा वाटणीत तो कुणाकडे गेला हे विचारायला लाजू नका. शिवाय एक बारीक गोष्ट जाणकारही विसरतात: परवानगीच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरती. वेबसाईट तर जगभर दिसते. त्यामुळे ‘अमुक फोटो, अमुक वेबसाईटवर, जगभर, इतकी वर्षं’ असं सरळ लिहून घ्या.

नोटीस आली तर ती आधी तुम्हाला येईलच असं नाही. मालक होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे जिच्या सर्व्हरवर तुमची वेबसाईट ठेवलेली असते तिच्याकडे, लेखी तक्रार करू शकतो. आपल्याकडच्या नियमांनुसार कंपनीने ती मान्य केली तर 36 तासांत ती गोष्ट बंद करायची असते, आणि 21 दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती परत सुरू करता येते. कागदावर हे एका फाइलपुरतं आहे, पण कंपन्या घाबरून कधीकधी अख्खी वेबसाईट बंद करतात. म्हणून सगळ्याची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, मुखपृष्ठावर चालू असलेला ईमेल द्या आणि कुणी हरकत घेतली तर वाद नंतर, आधी ती फाइल उतरवा. मी तुमच्या जागी असतो तर आजच गाण्यांच्या फाइल काढल्या असत्या. बाकीचं सवडीने तपासता येईल.