विश्वामित्रीच्या काठावर ग्रुप काढताय? मार्चमध्ये खाली उतरू नका

तुम्ही लिहिलंय की समा बाजूच्या तुमच्या सोसायटीतले दहा-बारा जण तयार आहेत, मार्चच्या दुसऱ्या रविवारी बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठावर क्लीनिंग ड्राइव्ह घ्यायचा, झुडपं काढून काठ मोकळा करायचा, तर सुरुवात कशी करावी. सात-आठ वर्षं हेच करतेय म्हणून जरा लांबण लावते.

पहिलं म्हणजे मार्च नको. आपल्या नदीत मगरी आहेत हे बडोदेकराला सांगायला नको, २०२५ च्या फेब्रुवारीत मोजणी झाली त्यात ४४२ भरल्या, पण त्या अंडी कुठे घालतात हे फार कोणी बघत नाही. थंडी सरता सरता मादी काठाच्याच मातीत खड्डा करते, एकावेळी पंचवीस-तीस अंडी, आणि मग दोनेक महिने तिथेच आसपास असते, पिल्लं निघतात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे तुम्ही ज्याला घाण झुडूप म्हणताय ते तिचं बाळंतघर आहे. वर मगर शेड्यूल एकमध्ये येते, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, तिचं घरटं उकरलं गेलं तर "आम्हाला माहीत नव्हतं" चालत नाही. आणि कायदा सोडा हो, चिडलेल्या आईसमोर फावडं घेऊन कोण उभं राहणार?

दुसरं, झाडी आणि कचरा यात फरक करा. प्लास्टिक काढा, गवत-झुडपाला हात लावू नका, माती तेच धरून ठेवतं. काठ चकचकीत केला की फोटो छान येतो आणि पहिल्या पावसात कडा ढासळते. आम्ही हे शिकलो ते स्वतःच्याच गाढवपणातून. पहिल्या वेळी साठ लोक आले, टी-शर्ट, टोप्या, नाश्त्याला सेव-उसळ, चाळीस पोती कचरा निघाला आणि पोती उचलणारी गाडी कोणी ठरवलीच नव्हती, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने फोन केलाय. दोन दिवसांत कुत्र्या-डुकरांनी पोती फाडली आणि अर्धा माल परत नदीत. पुढच्या रविवारी नऊ जण आलो. आज सहा आहोत आणि खरं सांगू, सहा पुरतात.

मग करायचं काय, तर एक छोटा पट्टा धरा, एका पुलापासून फार तर पुढच्या वळणापर्यंत, आणि दर पंधरा दिवसांनी वरच्या रस्त्यावरूनच चालत जा. ठरलेल्या चार जागा, तोच अँगल, फोटो, खाली तारीख. कंटाळवाणं आहे, मान्य. पण आपल्याकडे नदीची खरी वाट प्लास्टिकने नाही लागलेली, कोतरांमध्ये, म्हणजे काठाच्या घळींमध्ये, जो डेब्रिज ओततात ना रात्रीचा, बांधकामाचा मलबा, त्याने लागलीय. पावागढकडून येणारं पाणी, त्यात आजवा तलावातून सोडलेलं, हे सगळं पसरायला जी कोतरं होती ती भरून प्लॉट झाले, मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये काळ्या घोड्याच्या पुलाजवळ नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं तर नवल ते काय. शहरातलेच काही नागरिक एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाकडे, गेले होते, २०२१ मध्ये त्यांच्या प्रकरणात आदेशही आला की नदीची हद्द आखा, पूरपट्टा आणि कोतरं राखा. ती माणसं सुद्धा कागद आणि फोटो जमवूनच उभी राहिली. आमचंच सांगते, "इथे मलबा टाकतात" अशी तोंडी तक्रार आम्ही दोन वर्षं केली, कोणी ढुंकून बघितलं नाही. मग एकाच जागेचे पाच महिन्यांचे फोटो तारखांसकट दिले तर आठवड्यात तिथे आडवा बांबू आणि बोर्ड लागला. (डंपर मग तीनशे मीटर पुढे जायला लागले, ते वेगळं. आम्हीही पुढे गेलो.)

गणपतीत मात्र काम घरातून सुरू करा, काठावरून नाही. आपल्या मराठी घरांत, विशेष करून दांडिया बाजारकडे, कृत्रिम तलावाचं नाव काढलं की आज्या बिथरतात. माझ्या सासूबाईंनी सरळ विचारलं होतं, "बाप्पाला टाक्यात बुडवायचं का गं?" त्यांच्याशी वाद घालून काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी शाडूची छोटी मूर्ती आणली, अंगणात पितळी घंगाळात विसर्जन केलं, ती माती तुळशीला घातली, आता सासूबाईच शेजारणींना सांगत फिरतात. निर्माल्यासाठी प्रत्येक जिन्याखाली एक गोणी ठेवा आणि ती रोज कोण उचलणार त्याचं नाव आधी लिहा, नाहीतर पुन्हा चाळीस पोत्यांची गोष्ट.

अजून एक, पावसाळ्यात सोसायटीत मगर आली की ग्रुपमधल्या तरुण पोरांना हात शिवशिवतात. दोरी घेऊन कोणीही पुढे व्हायचं नाही. वनखात्याला फोन, त्यांची शिकलेली माणसं आणि व्हॉलंटियर येईपर्यंत फक्त गर्दी मागे ठेवायची आणि कुत्री बांधायची. व्हिडिओ काढणाऱ्या काकांना आवरणं हे सगळ्यात अवघड काम, तिथे तुमचा सगळ्यात जाड आवाजाचा माणूस उभा करा.

मार्चचा रविवार ठरलाच असेल तर रद्द नका करू, वरून चालायलाच या सगळ्यांना घेऊन, सकाळी साडेसहाला, उन्हं यायच्या आत. चपला नकोत, बूट घाला, काटे फार आहेत तिकडे.