खलनायक नव्हे, खळ

प्रश्न असा आहे: ‘टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये एखाद्या खेळाडूनं ईव्हिल पात्र घेतलं तर त्याला मराठीत खलनायक म्हणावं का? आणि अशा पात्रामुळे गटात भांडणं लागतात, त्यांना गटबाजी म्हटलेलं चालेल का?’

हे खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र निभावत मिळून गोष्ट पुढे न्यायची. उत्तर: दोन्ही नको. त्यातही ‘खलनायक’ तर अजिबात नको. हा शब्द सरसकट कुठल्याही काळ्या मनाच्या पात्राला चिकटवतात आणि ते ऐकून ऐकून कान किटले आहेत.

खलनायक हा स्वभाव नव्हे, ती कथेतली जागा आहे. जुन्या नाट्यचर्चेत तिचं नाव प्रतिनायक. धनंजयानं दहाव्या शतकातल्या ‘दशरूपका’त त्याचं लक्षण सांगितलंय: लोभी, धीरोद्धत, ताठर, पापी, व्यसनी आणि सगळ्यांत शेवटी ‘रिपु’. रिपु कोणाचा? नायकाचा. आधीचे दुर्गुण नायकाच्या सोबत्यातही असू शकतात, रिपुत्व मात्र फक्त समोरच्या बाजूला असतं. टेबलावर ती समोरची बाजू गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, सांभाळतो. खेळाडूचं पात्र कितीही कपटी असलं तरी ते बाकीच्यांबरोबर त्याच भुयारात उतरतं आणि त्याच लुटीत वाटा घेतं. त्याला खलनायक म्हणत राहिलात तर खेळाडूलाही वाटायला लागतं की सोबत्यांच्या आड येणं हेच आपलं काम. मग तो रात्रीच्या पहाऱ्यावर असताना झोपलेल्यांच्या पिशव्या चाचपायला लागतो.

‘दुष्ट’ चालेल, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ‘वाईट पात्र’ नको, कारण नीट न रंगवलेलं पात्रही वाईटच. पात्र चांगलं की दुष्ट, शिस्तीचं की बेबंद, हे सांगणाऱ्या ‘अलाइनमेंट’ला ‘संरेखन’ म्हणणाऱ्यांनी तो शब्द गाडीच्या चाकांसाठी राखून ठेवावा. इथे ‘कल’ पुरतो.

नेमका शब्द आहे ‘खळ’. आणि तो काय शब्द आहे!

संस्कृतात खल म्हणजे दुर्जन. पण त्याच रूपाचा खल म्हणजे मळणीची जागाही, म्हणजे आपलं खळं. ऋग्वेदात (१०.४८.७) इंद्र म्हणतो, ‘खले न पर्षान् प्रति हन्मि भूरि’. खळ्यावर पेंढ्या झोडाव्यात तसा मी पुष्कळांना झोडतो. निघंटू या वैदिक शब्दांच्या जुन्या यादीनं तर हा खल सरळ युद्धाच्या नावांत घातला. त्या यादीवरच्या ‘निरुक्त’ या भाष्यात यास्क त्या युद्धवाचक खलाची व्युत्पत्ती खल् किंवा स्खल् धातूवरून लावतो, आणि मळणीचं खळंही त्यावरूनच आलं म्हणतो. म्हणजे त्याच्या मते युद्ध आधी, खळं नंतर. मला हे साफ अमान्य आहे. ऋचेतला ‘न’ नकाराचा नव्हे, उपमेचा, म्हणजे ‘जसा’ या अर्थाचा आहे आणि उपमान आहे खळं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खळं आधीपासून असल्याशिवाय ही उपमा उभीच राहत नाही. युद्धाचा अर्थ या उपमेतून निघालेला आहे, यास्कानं तो उलटा बसवला.

खलाचा आणखी एक अर्थ तेलाखाली बसणारा गाळ. काही अभ्यासक हे सगळे वेगवेगळ्या मुळांचे शब्द मानतात, केवळ उच्चारानं जुळलेले. मी मानत नाही. मळणीत कणसं झोडली की दाणा एकीकडे जातो आणि खळ्यावर भूस नि काडीकचरा उरतो. घाण्यात तेल निघतं आणि गाळ उरतो. चांगलं निघून गेल्यावर मागे राहतो तो खळ. ही साखळी मी जोडतो आहे, कोणत्या ग्रंथात ती अशी लिहिलेली नाही. पण शेतावरून दुर्जनापर्यंतचा असाच प्रवास इंग्रजी ‘व्हिलन’नं केलेला आहे. लॅटिन ‘विल्ला’ म्हणजे शेतवाडी, तिथे राबणारा ‘विल्लानुस’, त्यापासून गावंढळ, मग नीच, मग दुष्ट. तिकडे हे झालं असेल तर इकडे का होऊ नये?

मराठीत हा खळ निदान १२९०च्या ज्ञानेश्वरीपासून आहे. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ यात खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांची व्यंकटी म्हणजे वाकडेपणा तेवढा जावो, एवढंच मागणं आहे. म्हणूनच ‘कल’ हा शब्द इथे शोभतो. कललेलं सरळ होऊ शकतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध रोलप्लेइंग खेळातही कल बदलता येतो. १९७९च्या गेम मास्टरच्या पुस्तकात त्याची किंमत होती पात्राची एक लेव्हल, म्हणजे अनुभवाची एक पायरी.

त्या खेळात १९७४ साली तीनच कल होते: लॉ (शिस्त), न्यूट्रॅलिटी (तटस्थता), केऑस (बेबंदपणा). चांगल्या-वाईटाचा दुसरा अक्ष खेळाच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सच्या १९७६च्या लेखात आला आणि १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात तीन गुणिले तीन अशी नऊ घरं झाली. २००८ मध्ये ती पाचावर आणली, २०१४ मध्ये पुन्हा नऊ. यातल्या तीन खळांपैकी गटात टिकतो तो लॉफुल ईव्हिल. तो दिलेला शब्द आणि ठरलेला वाटा पाळतो. न्यूट्रल ईव्हिल फायदा असेपर्यंत थांबतो. केऑटिक ईव्हिलला थांबायला काही कारणच नसतं, त्यामुळे गट बहुधा तिथेच फुटतो.

आता गटबाजी. तिला निदान दोन तट लागतात. एक पात्र विरुद्ध बाकी सगळे, याला गटबाजी म्हणत नाहीत. नेमके शब्द तीन आहेत आणि तिघांवरचे उपायही वेगळे.

बेबनाव म्हणजे हेतू एक, मार्गावर मतभेद. कैद्याला मारायचं की सोडायचं? हा वाद जरूर होऊ द्यावा. मात्र तेच मुद्दे दुसऱ्यांदा आले की गेम मास्टरनं पहारेकऱ्यांची पावलं वाजवावीत आणि निर्णय घ्यायला लावावा.

दगा म्हणजे सोबत्याचीच चोरी किंवा त्याच्यावर वार. इथे फासे टाकणं हीच चूक. चोराचं हातचलाखीचं कौशल्य वाढवलेलं असतं, चिलखतवाल्याची नजर कच्ची असते. वीस बाजूंच्या फाशावर सहा-सातचा फरक पडला की निकाल बहुतेक वेळा चोराच्याच बाजूनं, आणि ज्याचं गेलं त्याला बोलायची सोयच राहत नाही. फासा बाजूला ठेवून त्यालाच विचारावं: ‘हे जमलं का?’ तो म्हणेल ते झालं. तो नको म्हणाला तर हात पिशवीपर्यंत गेलाच नाही.

फितुरी म्हणजे शत्रूला जाऊन मिळणं. ती गेम मास्टरला आधी सांगूनच करावी, आणि पात्र उघडपणे तिकडे गेलं की त्याची शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, गेम मास्टरच्या हवाली करून खेळाडूनं नवं पात्र घ्यावं. त्या क्षणापासून जुन्याला खुशाल खलनायक म्हणा.

या तिन्हींवर एकच सबब ऐकू येते: ‘माझं पात्र असंच वागेल.’ पात्र आपण लिहितो, ते आपल्याला लिहीत नाही. खेळ सुरू होण्याआधी खळाच्या शीटवर एक ओळ लिहून घ्यावी: हा या माणसांबरोबर का राहतो? कर्ज, शपथ, गटातली सख्खी बहीण, सगळ्यांचा एकच वैरी, काहीही चालेल. ‘पैशासाठी’ एवढंच लिहिलं असेल तर परत द्यावं, कारण जास्त पैसे देणारा पुढच्याच गावात भेटतो. ती ओळ सुचतच नसेल तर त्या खेळाडूनं दुसरं पात्र घ्यावं.