बिअरचे उत्पादन वाढवताना: आधी फरशी, मग टाक्या

प्रश्न: आमची पुण्यात लहान मायक्रोब्रुअरी आहे. आता शहराबाहेरच्या शेडमध्ये १,००० लिटरच्या भांड्यावर दिवसाला दोन घाणे काढण्याचा विचार आहे. शेडमध्ये शहाबादी फरशी आहे. एका डेअरीच्या जुन्या टाक्याही स्वस्तात मिळत आहेत. टाक्या किती लागतील आणि काटकसर कोठे करावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर: कारखान्याची क्षमता उकळण्याच्या भांड्यावर नव्हे, तर बिअर टाकीत किती दिवस मुरते यावर ठरते. आठवड्याचे सहा दिवस काम धरल्यास १२,००० लिटर माल तयार होईल. एल (लवकर तयार होणारी बिअर) दोन आठवडे टाकीत राहते असे मानले, तर २४,००० लिटरची सोय लागेल. लागर (थंडाव्यात सावकाश मुरणारी बिअर) पाच आठवडे ठेवायची असेल, तर हाच आकडा ६०,००० लिटरवर जातो. शिवाय फेसासाठी साधारण चौथा हिस्सा जागा मोकळी सोडावी लागते. म्हणून आधी कोणती बिअर किती काढणार हे ठरवावे आणि चिलरही (टाक्या थंड ठेवणारे यंत्र) त्याच हिशेबाने घ्यावा.

डेअरीच्या टाक्या पाणी साठवण्यास उत्तम. परंतु त्या सहसा दाब सहन करण्यासाठी बनवलेल्या नसतात, त्यामुळे त्यांत वायूच्या दाबाखाली बिअर ठेवणे धोक्याचे आहे. ही काटकसर कृपया करू नका.

शहाबादी फरशी मात्र काढावीच लागेल. हा चुनखडीचा दगड आहे. टाक्या धुण्याचे आम्ल तर सोडाच, सांडलेली बिअरही आम्लधर्मी असल्याने त्याला हळूहळू खाते, आणि त्या खळग्यांत जंतू घर करतात. साधे इपॉक्सीही (राळेसारखा लेप) उकळत्या पाण्याने तडकते व सुटते. पॉलियुरेथेन-सिमेंटचा थर किंवा आम्लरोधक टाइल्स महाग पडतात, तरी पैसा तेथेच घालावा. उतार मीटरमागे दीड ते दोन सेंटीमीटर असावा.

एक लिटर बिअरमागे पाच लिटर पाणी धरल्यास रोज १०,००० लिटर लागेल आणि त्यातले बहुतेक यीस्ट, साखर, कॉस्टिक (धुण्याचा तीव्र अल्क) व आम्ल घेऊन गटाराकडे जाईल. हे सांडपाणी एकत्र मिसळून एकसारखे करणारी टाकी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांची जागा पहिल्याच नकाशात दाखवा.

फर्मेंटर (बिअर आंबवण्याच्या टाक्या) उभे करण्यापूर्वी जमिनीवर पाइप सोडून पाणी वाहू द्यावे आणि जेथे ते साचेल तेथे खडूने खूण करून उतार दुरुस्त करून घ्यावा, कारण टाक्या बसल्यावर त्यांच्या पायांखाली हात पोहोचत नाही.